खातं देऊ नका, बाकीचं नंतर बघू

वकील मॅडम, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तो दीड वर्षापासून क्रिकेटवर पैसे लावतोय हे मला गेल्या महिन्यात कळलं, तेही आईच्या पाटल्या गहाण टाकल्याची पावती कपाटात सापडली म्हणून. ज्याच्याकडून त्याने ‘आयडी’ (सट्टा लावायचं ऑनलाइन लॉगिन) घेतला, तो १ लाख ८० हजार येणं सांगतो. दोन कोऱ्या चेकवर भावाच्या सह्या घेऊन ठेवल्यात. आता तो म्हणतो, ‘तुझं बँकेचं खातं, एटीएम कार्ड आणि त्याला जोडलेलं सिम सहा महिने आम्हाला वापरायला दे, निम्मे पैसे सोडतो.’ भाऊ तयार झालाय. मी नको म्हटलं तर म्हणतो, ‘ताई, महाराष्ट्रात यावर बंदीच नाही. हायकोर्टाने कौशल्याचा खेळ म्हटलंय, सरकार टॅक्स घेतं, गोव्यात तर उघड चालतं.’ मी शोधायला गेले तर एक जण कायदेशीर म्हणतो, दुसरा बेकायदा. खरं काय? पोलिस त्याला धरतील का? हे पैसे द्यावेच लागतील का? आणि वडिलांना सांगू की नको? त्यांना बीपी आहे.
– एक बहीण

ताई, तुमच्या प्रश्नांकडे येतेच. पण पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही ओघात सांगून पुढे गेलात, ती आधी घेते. खातं देऊ नका. कार्ड नाही, सिम नाही, पासबुकाचा फोटोसुद्धा नाही. ‘विचार करून सांगतो’ असंही भावाने म्हणू नये. सरळ नाही म्हणावं, आणि कार्ड आधीच गेलं असेल तर आजच बँकेत फोन करून ते बंद करावं.

का ते सांगते. त्या खात्यातून कुणाचे पैसे फिरणार हे तुमच्या भावाला कधीच कळणार नाही. दहा गावच्या पोरांचे सट्ट्याचे पैसे फिरतील, आणि त्यातच एखाद्या निवृत्त माणसाला फोनवर फसवून काढलेले पैसेही फिरतील. ज्याचे गेले तो १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो. मग पैसा ज्या ज्या खात्यातून पुढे गेला ती खाती एकामागून एक गोठतात, आणि पोलिस पहिलं नाव वाचतात ते खातेदाराचं.

माझ्याकडे असा एक मुलगा आला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत नोटिसा घेऊन. दोन वेगळ्या राज्यांच्या पोलिसांच्या नोटिसा, एक तर अशा भाषेत की त्याला अक्षरही लागत नव्हतं. खातं ‘भाड्याने’ दिल्याचे त्याला महिन्याला काही हजार मिळत होते. ज्याने खातं घेतलं त्याचं आडनावही त्याला माहीत नव्हतं, फक्त फोनमध्ये सेव्ह केलेलं टोपणनाव, आणि तो नंबर बंद. त्याच खात्यात त्याच्या दुकानाचे पैसे होते, तेही अडकले. मी त्याला विचारलं, ‘यातला एक तरी व्यवहार तू केलास का?’ तो म्हणाला, ‘एकही नाही.’ मला ते पटलं. पण ते पुढे पटवून देण्यात दोन वर्षं गेली.

शिवाय खातं दिलं की तुमच्या भावाची जागाच बदलते. आज तो लावणारा आहे, उद्या तो चालवणाऱ्यांतला होईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११२ आहे, किरकोळ संघटित गुन्हेगारीचं. टोळीतल्या माणसाने केलेली चोरी, फसवणूक यांच्या जोडीला त्यात ‘अनधिकृत सट्टा किंवा जुगार’ हे शब्द स्पष्ट आहेत. शिक्षा कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त सात. नावाला किरकोळ. बुकीच्या वहीत ९० हजार वाचवायचे आणि त्याबदल्यात हे अंगावर घ्यायचं, असा तो सौदा आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. कायदेशीर की बेकायदा? एक जण हे म्हणतो आणि दुसरा ते, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

‘महाराष्ट्रात बंदीच नाही’ हे साफ खोटं. आपल्याकडे १८८७ पासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्या वेळी तो मुंबई इलाख्याचा होता, आज तो महाराष्ट्राचा आहे. त्यात ‘जुगार’ या शब्दाच्या व्याख्येतच पैज आणि सट्टा येतात. सूट आहे ती घोड्यांच्या शर्यतीला, तीही शर्यतीच्या दिवशी, परवानाधारक रेसकोर्सच्या ठरवलेल्या आवारात, म्हणजे मुंबईत महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर. क्रिकेटला अशी सूट त्या कायद्यात कुठेही नाही. मॅचच्या दिवसांत लॉजच्या खोलीत छापा, चार मोबाइल, एक लॅपटॉप, वह्या जप्त अशी बातमी तुम्ही वाचता, ती याच कायद्याच्या जोरावर. अड्डा चालवणं कलम ४ मध्ये येतं आणि अड्ड्यावर सापडणं कलम ५ मध्ये.

मग संदिग्धता कुठे आहे? ती खरोखरच आहे, तुम्हाला भास झालेला नाही. १८८७ साली कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर जुगाराचा अड्डा होता. घर, खोली, आवार. चार माणसं बसलीत, मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढतोय, दारावर पाळतीला पोरगा. आज तुमचा भाऊ पलंगावर एकटा पडून फोनवर पैसे लावतो आणि ते चालवणारं यंत्र कुठल्या देशात आहे हे कुणाला ठाऊक नाही. मग त्याचं अंथरूण हा अड्डा का? या प्रश्नावर बचावाचा वकील तासभर बोलू शकतो, मीही बोललेय. मटका फोफावला तेव्हा आकडे छापण्या-पसरवण्यावर त्याच कायद्यात वेगळं कलम घातलं गेलं, १२अ. मग घराघरात फोन पोचल्यावर फोनचं नाव घेऊन चार ओळी घालायला राज्याला काय अडचण होती? तेलंगणाने २०१७ साली आपला कायदा बदलून ऑनलाइन जुगार त्यात आणला, आंध्र प्रदेशाने २०२० साली. आपण मात्र १९७६ साली कॅसिनोंचा एक कायदा केला, तो एक दिवसही अमलात आणला नाही आणि शेवटी २०२३ साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं लोक विचारत राहिले की महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी आहे की नाही. मला या ढिलाईचा राग येतो, कारण तिची किंमत मंत्रालयात कुणी मोजत नाही, ती तुमच्या आईच्या पाटल्यांनी मोजली जाते.

हायकोर्टाचं म्हणाल तर भावाला अर्धवट गोष्ट सांगितलीय. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेला खेळ फँटसी क्रिकेटचा होता. खेळाडू निवडून आपला कागदी संघ बनवायचा आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे, हे मुख्यतः कौशल्याचं काम आहे असं न्यायालय म्हणालं. आपल्या १८८७ च्या कायद्यातही कलम १३ मध्ये कौशल्याच्या खेळांना सूट आहेच, त्यावरून हा सगळा वाद उभा राहतो. पण पुढच्या सहा ओव्हरमध्ये किती धावा होतील यावर बुकीने दिलेल्या दराने पैसे लावणं, म्हणजे तुमचा भाऊ ज्याला ‘सेशन’ म्हणत असेल ते, त्या खटल्यात नव्हतंच. एका खेळाचा निकाल दुसऱ्या खेळाच्या गळ्यात बांधून विकायचा, ही बुकींची जुनी खोड.

टॅक्सचा मुद्दा मला जवळजवळ प्रत्येक पोराकडून ऐकायला मिळतो. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे, ऑनलाइन पैशांच्या खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, हे खरं. पण आयकर खातं उत्पन्न बघतं, ते कुठल्या वाटेने आलं हे बघून माफी देत नाही. बेकायदा धंद्यातल्या कमाईवरही कर लागतो, आणि कर भरल्याने तो धंदा पावन होत नाही. आणि तुमच्या भावाच्या बुकीने आजवर एक तरी पावती दिलीय का, हे त्यालाच विचारा.

गोव्याचं उत्तर सोपं आहे. जुगार आणि सट्टा हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतला विषय आहे, ३४ वी नोंद. गोव्याने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून कॅसिनोंना परवाने दिले, म्हणून मांडवीत बोटी उभ्या आहेत. सिक्कीमने २००८ साली ऑनलाइन खेळांचा वेगळा कायदा केला. तो परवाना त्या राज्याच्या हद्दीत त्या चालकाला असतो. साताऱ्याच्या पोरापर्यंत तो पोचत नाही.

क्रिकेट मंडळाच्या सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने २०१६ साली सट्टा कायदेशीर करा असं सुचवलं होतं, असंही तुम्हाला कुणी तरी ऐकवेल. सुचवलं होतं, खरं आहे. २०१८ साली विधी आयोगाच्या २७६ व्या अहवालातही यावर बरंच लिहून आलं. पण शिफारशीवर कुणाची सुटका होत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तो बुकी मुद्दाम सांगत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून पैसे जिंकायचा कुठलाही ऑनलाइन खेळ चालवायला त्यात मनाई आहे, आणि तो कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्न त्यांनी व्याख्येतूनच काढून टाकलाय. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं, पन्नास लाख. मोठमोठ्या फँटसी कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांचे खेळ बंद केले. या कायद्यालाही आव्हान दिलं गेलं, याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. राज्याच्या विषयात केंद्र कसं शिरलं, हा त्यातला एक वाद आहे. म्हणजे कौशल्याचा जो आधार तुमच्या भावाला सांगितला जातोय, त्याच आधारावर उभ्या असलेल्या, रीतसर नोंदणी केलेल्या, कर भरणाऱ्या कंपन्यांनीही दुकान आवरलं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आयडी वाटणारा माणूस सांगतो की आपलं कायद्यात बसतं!

पोलिस धरतील का? ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात निव्वळ खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, सरकारने संसदेतही खेळणाऱ्याला पीडित मानल्याचं सांगितलं. पण राज्याच्या १८८७ च्या कायद्यात खेळणाराही येतो. म्हणून मी ‘काही होणार नाही’ असं खोटं आश्वासन देणार नाही. एकटा घरात फोनवर खेळणाऱ्या पोराला पोलिस शोधत येतात असं मी फारसं पाहिलेलं नाही. छापा पडतो तो चालवणाऱ्यावर, आणि मग त्याच्या वहीतली, फोनमधली नावं चौकशीला बोलावली जातात. तसं बोलावणं आलं तर पळापळ नको, वकील सोबत घेऊन जावं. आणि आजपासून लावणं बंद, फोनमधलं काहीही पुसणं मात्र नाही. चॅट, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, त्याने पाठवलेले व्हॉइस मेसेज हे तुमच्याच कामाचे आहेत.

पैसे द्यावे लागतील का? न्यायालयामार्फत तो ते वसूल करू शकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ३० प्रमाणे पैजेचा करार मुळातच रद्दबातल आहे, जिंकलेल्या रकमेसाठी दावाच लावता येत नाही. तुमचा भाग जुन्या मुंबई इलाख्यातला. तिथे तर १८६५ च्या कायद्याने पैजेच्या आजूबाजूचे करारही, म्हणजे ती चुकती करायला दिलेलं कर्ज वगैरे, रद्दबातल धरलेत. याची दुसरी बाजूही भावाला समजू द्या. तो उद्या पाच लाख जिंकला आणि बुकीने नंबर ब्लॉक केला तरी त्यालाही कुठलंच न्यायालय उघडं नाही.

बुकीला हे सगळं माझ्याइतकंच पाठ असतं. म्हणून तर तो कोरे चेक घेतो. मी एकदा एक स्टँप पेपर पाहिला, त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘घरगुती अडचणीकरिता हातउसने घेतले’. खाली दोन साक्षीदार. घरात कुठलीही अडचण नव्हती, रक्कम एका रविवारच्या मॅचची होती. पण कागदावर सट्टा पुसला गेला आणि साधं कर्ज उभं राहिलं. भावाने असा कुठलाही कागद करून दिलाय का, हे आधी शांतपणे विचारा. दिला नसेल तर आता देऊ नये.

चेकचं असं आहे. चेक न वटल्याचा खटला (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८) टिकायला देणं कायद्याने वसूल होण्यासारखं असावं लागतं, सट्ट्याचं तसं नसतं. पण सुरुवातीला न्यायालय चेकधारकाच्या बाजूने गृहीत धरतं, आणि ते देणं सट्ट्याचं होतं हे आपल्याला दाखवून द्यावं लागतं. म्हणून तर ते चॅट जपायचे. हे चेक वटवू नका असं बँकेला चेकचे नंबर घालून आजच लेखी कळवा, पोच घ्या. तेवढ्याने खटला टळेलच असं नाही, पण तारखेचा पुरावा होतो. आणि चेक परत गेल्याची नोटीस आली तर ती उशाखाली ठेवून देऊ नका. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस असतात, तेवढ्यात वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत नुकसान इथे झालं. पोराने पाकीट लपवलं आणि घरच्यांना थेट समन्स आलं तेव्हा कळलं.

तो दारात आला, दुकानात माणसं पाठवली, धमकी दिली तर तो सरळ फौजदारी विषय आहे, धमकीचा आणि खंडणीचा. त्याचा व्हिडिओ करायला घाबरू नका, आणि तक्रार लेखी द्या. तक्रार दिली की आपला भाऊच अडकेल, ही भीती बुकीनेच पेरलेली असते. ती अगदीच बिनबुडाची नाही, म्हणून तक्रारीचा मसुदा वकिलाकडून करून घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणजे तुमच्या नावाने अर्ज चालेल. १५१०० हा त्यांचा नंबर. तुम्ही शिक्षिका आहात, अर्ज लिहायला कुणाची गरज लागणार नाही. यात एखाद्या विनापरवाना सावकाराकडूनही पैसे उचलले असतील, तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. भाऊ थांबेल का? माझ्यासमोर बसलेल्या एका आईने सांगितलं होतं, ‘तो मॅच बघतच नाही हो. आपला विराट खेळतोय की कोण, त्याला पत्ता नसतो. तो फोनवरचा भाव बघतो.’ जेवताना ताटाशेजारी उपडा ठेवलेला फोन, दर मिनिटाला उचलून पाहणं, चौकार गेल्यावर सगळं घर ओरडतं आणि याचा चेहरा पडतो. तुमच्या घरात असं दिसत असेल तर एकरकमी पैसे भरून मोकळं होण्याची घाई करू नका. बहिणीने भरले, आणि चार महिन्यांनी नवा आयडी, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता भरण्याआधी मी हात जोडून थांबवते. ही सवय सुटायला मदत लागते आणि ती मागण्यात कमीपणा नाही. १४४१६ या टेली मानस हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, मोफत आहे. पहिला फोन तुम्ही करा, तो शेजारी बसलेला असताना. काही महिने दुकानाचा गल्ला आणि यूपीआय तुमच्या किंवा वडिलांच्या हातात असू द्या. त्याच्यावर पहारा म्हणून हे करायचं नाही, त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने ठरवायचं. पाटल्या मात्र सोडवा. गहाणाची मुदत पावतीवर असेल, ती आधी बघा. ते देणं खरं आहे आणि त्याचं व्याज रोज चढतंय.

वडिलांना सांगा. बीपीचं औषध चालू आहे, घरातला एक माणूस अबोल झालाय हे त्यांना दिसत नसेल असं मला वाटत नाही. बाहेरच्या माणसाने दारात येऊन आकडा सांगितला तर ते त्यांना जास्त लागेल. मॅच नसलेल्या दिवशी, रात्रीची जेवणं झाली की भावाला बोलायला बसवा, आकडा त्यालाच त्याच्या तोंडाने सांगू द्या. तुम्ही त्याच्या बाजूला बसा. आणि बँकेतून खात्याचं काम करून आलात की मला पुन्हा लिहा. चेकचे नंबर आणि स्टँप पेपरचं काय निघालं तेही त्यात लिहा.